रिक्षाच्या लांबीपुरतं साल

गुरुवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी गोलिचा एलेमाची निळी विजेची रिक्षा रोड रोलरखाली चिरडली गेली. तसं प्रमाणपत्र आहे. त्यावर दोन सरकारांचे दोन शिक्के आहेत, एक जांभळा, एक हिरवा, आणि दोन्ही सरळ उमटलेत, जे मोयालेत सहसा होत नाही.

आता हे झालंच नाही असं धरून चालू या. गोलिचाही तसंच धरून चाललाय, आणि या गोष्टीत सगळ्यात जास्त घाबरलेला माणूस तोच असल्यामुळे पहिला मान त्याचा.

सोमवारी सकाळी तो चार्जिंग शेडमध्ये रांगेत उभा होता. शेडच्या मागे जनरेटर धडधडत होता, काळा धूर सोडत, आणि त्या धुराच्या जोरावर धूरमुक्त रिक्षा चार्ज होत होत्या. गावात वीज येईपर्यंतची ही तात्पुरती सोय होती. तात्पुरतीला दुसरं वर्ष लागलं होतं. तेवढ्यात कचेरीतल्या मुतिसो साहेबांनी भिंतीवर एक यादी चिकटवली आणि गोंदाचा हात पॅंटला पुसत ते आत गेले. गुरुवारच्या समारंभात चिरडायच्या जुन्या वाहनांची यादी. एकूण नऊ. गोलिचाने गंमत म्हणून वाचायला घेतली. आठवा शाबूचा ट्रक, जो ढकलल्याशिवाय चालू होत नसे. बरोबर आहे, गोलिचा मनात म्हणाला. मग त्याने नववा नंबर वाचला, आणि तो नंबर त्याला पाठ होता.

त्याने वळून आपल्या रिक्षाकडे पाहिलं. सीटवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं.

चिरडणं म्हणजे काय हे त्याला ऐकून माहीत नव्हतं, पाहून माहीत होतं. पाच महिन्यांपूर्वी त्याची पेट्रोलची जुनी रिक्षा शेडमागच्या याच मैदानात, याच रोलरखाली गेली होती. ती दिली म्हणून तर ही मिळाली. तेव्हा आधी काच गेली, मग पत्रा, आणि मग हॉर्न दबला. दबलेला हॉर्न सुटेना. रोलर पुढे गेला तरी तो पत्र्याच्या चपातीतून मेंढरासारखा ओरडत राहिला, बॅटरी संपेपर्यंत. मान्यवरांनी टाळ्या वाजवल्या होत्या. गोलिचानेही वाजवल्या होत्या, पण त्या दिवसापासून कुणी मागून हॉर्न दिला की तो आधी स्वतःच्या बरगड्या चाचपायचा.

तो कचेरीत गेला. मुतिसो दक्षिणेकडचा, कांबा जमातीचा माणूस. मोयालेत चार वर्षं काढली आणि इथल्या बोराना लोकांच्या भाषेतला एकच शब्द शिकला, कारण त्याच्याशिवाय इथे कुणी बोलायलाच सुरुवात करत नाही.

“नगा, साहेब?”

“नगा.” म्हणजे सगळं शांत आहे ना, आणि हो, शांत आहे. घरात सिंह शिरलेला असला तरी इथे आधी ‘नगा’ म्हणायचं आणि मग सिंहाचा विषय काढायचा. “बोला, गोलिचा.”

“यादीत माझी रिक्षा आहे.”

“अभिनंदन.”

“साहेब, चिरडायच्या यादीत.”

“तीच एक यादी आहे.”

“पण ती विजेची आहे! तुम्हीच दिलीत. फीत तुम्ही कापलीत.”

“कापली ना. बोटही कापलं होतं.” मुतिसोने बोट दाखवलं. “पाटीवर साल काय आहे?”

“दोन हजार अठरा.”

“आणि आज साल काय?”

“इथलं की तिथलं?”

“मी कुठे बसलोय?”

“इथे.”

“मग?”

गोलिचाने बोटं मोजली आणि तो आठव्या बोटावर येऊन थांबला. आठ वर्षं किंवा त्याहून जुनं वाहन चिरडायचं, असा नियम होता.

आता हे सांगायला हवं की मोयाले हे गाव एक आहे आणि मधून सीमा गेली आहे. उत्तरेला इथिओपिया, दक्षिणेला केनिया. इथिओपियाचं पंचांग वेगळं, त्यामुळे उत्तरेत तेव्हा २०१८ साल चालू होतं आणि दक्षिणेत २०२६. याचं इथे कुणाला काही वाटत नाही. लोक सकाळी २०२६ मध्ये चहा पितात, २०१८ मध्ये जाऊन कांदे आणतात आणि जेवायला परत येतात. पण सीमेवरची वाहनं लवकरात लवकर धूरमुक्त व्हावीत म्हणून दोन्ही सरकारांनी मिळून एक समिती नेमली, ‘उभयदेशीय धूरमुक्त वाहन त्वरा समिती’. रिक्षा उत्तरेत बनवायच्या, दक्षिणेत वाटायच्या, जुन्या दोघांनी मिळून चिरडायच्या. तीन दिवस बैठक झाली आणि सगळ्या मुद्द्यांवर एकमत झालं. हे कोणतं साल चालू आहे, एवढा मुद्दा विषयपत्रिकेवर नव्हता.

“साहेब, ते तिकडचं अठरा आहे. म्हणजे आपलं हेच साल.”

“मला माहीत आहे,” मुतिसो आवाज खाली आणून म्हणाला. “सगळ्यांना माहीत आहे. माझ्या बायकोला नैरोबीत माहीत आहे. पण कलम चौदा.”

कलम चौदा असं होतं: कागदावर असेल तेच साल धरावं, कोणतीही बेरीज-वजाबाकी करू नये. योजना सुरू झाली त्याच महिन्यात एका माणसाने तिकडचं साल इकडे, इकडचं तिकडे करत आजोबांचा ट्रक एक वर्षाचा ठरवला होता. तेव्हापासून कचेरीतला कॅल्क्युलेटरसुद्धा सीलबंद होता.

“मग मी काय करू?”

“गुरुवारी या. चांगले कपडे घाला. आणि उद्यापासून गाडी मैदानात जमा करा. चार्जिंग बंद. मरणाऱ्या गाडीला वीज घालायची नाही. अगदी तसं लिहिलेलं नाहीये, पण अर्थ तोच आहे.”

दुपारी घरी तालासोने समोर ताट ठेवलं. मांस होतं. तो त्याच्याकडे बघत बसला.

“गुमातोचे अब्बा, जेवत का नाही?” तालासोने नवऱ्याला कधी नावाने हाक मारली नव्हती. मुलीच्या नावाने हाक मारायची आणि ती सात वर्षांची मुलगी प्रत्येक वेळी ‘काय?’ म्हणून यायची.

“जेवतो.”

“माझ्या वडिलांचा निरोप आलाय. यादी कळली त्यांना.”

“ते दोन दिवसांच्या वाटेवर आहेत. यादी सकाळी लागली.”

“फोन आहे त्यांच्याकडे. शुक्रवारपर्यंत ते उंट घेऊन गावाबाहेरच्या पाणवठ्यावर येतायत. तिथे भेटायला या म्हणाले. रिक्षा गेली तर गेली, पांढऱ्या सांडणीला माणूस हवाय.”

गोलिचाचा हात ताटावर थांबला.

सासऱ्याकडे चाळीस उंट होते आणि राखायला माणसं कमी. लग्नापासून ते प्रेमाने बोलावत होते. त्यांना माहीत नव्हतं, आणि तालासोशिवाय कुणालाच माहीत नव्हतं, की गोलिचाला उंटाची भीती वाटते. सात वर्षांचा असताना एका पांढऱ्या सांडणीने त्याला डोक्याला धरून उचललं होतं. टाळूवर अजून चार दात मोजता येत. बोराना माणसाने हे कुणाला सांगायचं? तो टोपी घालायचा. रिक्षा चालवायला शिकला तोसुद्धा याचसाठी, कारण रिक्षाला तोंड नसतं.

“पांढरी? तीच?”

“ती कधीच मेली. ही तिची मुलगी.”

“चेहरा?”

“चेहरा तोच,” तालासो म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. मग तिने त्याच्या ताटातला एक तुकडा उचलून त्याच्या हातात दिला. “दोन सरकारं आहेत ना? एकाने नाही म्हटलं तर दुसऱ्याला विचारा. पोरं आईबापांना तसंच करतात.”

मंगळवारी त्याने रिक्षा मैदानात जमा केली, किल्ली मात्र खिशात राहिली, कारण ती अकरा वाजून वीस मिनिटांनी समारंभपूर्वक द्यायची होती. मग तो पायी उत्तरेत गेला. तिथल्या कचेरीत वेंडिमु साहेब बसायचे. बारीक, सभ्य, शर्टाचं वरचं बटणही लावणारा माणूस. त्यांनी त्याच्यासाठी कॉफी मागवली. गोलिचाने कप बाजूला ठेवून आधी कागद पुढे केले.

“तुमची रिक्षा?” त्यांनी कागद पाहिले. “कोरी करकरीत. यंदाची. हिला कोण हात लावणार?”

“साहेब!” गोलिचाच्या डोळ्यांत पाणी आलं. “मग मी ती इकडे आणतो.”

“आणा ना. फक्त चालवत आणा, ओढून नको. कलम सहा, योजनेची रिक्षा ज्याला मिळाली त्यानेच चालवायची. परवाना आहे?”

गोलिचाने परवाना दिला. वेंडिमुंनी तो उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला. मग उठून दार लावून घेतलं.

“हा २०२१ ला दिलेला आहे.”

“हो.”

“आज २०१८ आहे. म्हणजे हा निघायला अजून तीन वर्षं आहेत.”

“पण तो माझ्या हातात आहे!”

“तेच मला विचारायचंय,” वेंडिमु फार हळू म्हणाले. “कुठून मिळाला?”

बंद दाराकडे बघताना गोलिचाला वाटलं, आता आपल्याला अशा गुन्ह्यासाठी पकडतील जो अजून झालेलाच नाही, आणि तुरुंगात आपण सुटकेची वाट बघत बसू आणि बाहेर तो गुन्हा व्हायची वाट बघत बसतील.

“साहेब, तुम्हाला माहीत आहे...”

“मला सगळं माहीत आहे. कलम चौदा मीच टाईप केलंय.” वेंडिमुंनी परवाना दोन बोटांत धरून परत दिला, जणू तो ओला होता. “मी हा पाहिला नाही. तुम्ही जा. तीन वर्षांनी या, मी इथेच असेन.”

बुधवार कसा गेला ते त्याला नंतर आठवेना. एवढंच आठवतं की गुमातोने त्याची टोपी धुवायला नेली आणि तो ओरडला.

गुरुवारी मैदानात नऊ वाहनं ओळीत उभी होती. आठ खिळखिळी, आणि शेवटची निळी, चकचकीत, सीटवर प्लॅस्टिक. तिच्या पलीकडे वीस पावलांवर धूर सोडणारा जनरेटर आणि त्यामागे चार्जिंग शेड. दोन्हीकडचे मान्यवर मांडवात बसले होते. रोलर ओळीच्या दुसऱ्या टोकाला गुरगुरत होता. तो डिझेलचा. आठही जुन्या गाड्या मिळून काढणार नाहीत एवढा धूर तो एकटा काढत होता, पण तो समितीच्या बाजूने असल्यामुळे कुणी काही म्हणत नव्हतं. वर डीका बसला होता, गोलिचाचा लहानपणचा मित्र.

“डीका, नगा?”

“नगा. रडतोयस की काय?”

“धूर गेला डोळ्यांत.”

“तुझी शेवटची आहे. मी हळू चालवेन, काळजी करू नकोस.”

“हळू नको रे! त्या दिवशी हळूच चालवलास. हॉर्न किती वेळ ओरडत होता!”

“मग जोरात चालवू?”

“नको!”

“मला दोनच येतात,” डीका म्हणाला. “आणि एक सांगतो, इथून मला समोरचं काही दिसत नाही. हा पुढचा गोल आडवा येतो. मी आवाज मोजतो. नऊ झाले की थांबतो.”

एका म्हाताऱ्या अब्बांनी आशीर्वाद दिला. गावाला नगा, गाईंना नगा, दोन्ही सरकारांना नगा. प्रत्येक वेळी जमाव ‘नगा’ म्हणायचा. सगळ्यात मोठ्याने गोलिचा म्हणत होता, कारण तोंड मिटलं की दात वाजत होते.

मुतिसोने त्याला रिक्षात बसवलं. किल्ली देतानाचा फोटो आत बसून काढायचा होता. “नंबर आला की उतरा,” मुतिसो म्हणाला आणि फोटोवाल्याला शोधायला गेला.

रोलर निघाला. पहिली मोटारसायकल. दुसरी. जमीन सीटमधून वर येऊन गोलिचाच्या मणक्याला धडका देत होती. तिसरं, चौथं. काच, पत्रा. काच, पत्रा. त्याला उतरायचं होतं. पायांना सांगितलं, पायांनी ऐकलं नाही. सहावं, सातवं. मग शाबूचा ट्रक गेला, आणि त्याचा हॉर्न दबला.

तो मेंढरासारखा ओरडायला लागला.

गोलिचाने काही ठरवलं नाही, हे तो आजही शपथेवर सांगतो. किल्ली त्याच्या हाताने फिरवली, दांडा त्याच्या मनगटाने पिळला. जुनी रिक्षा असती तर ‘टुकटुक’ हे आपलं इथलं नाव सांगत निघाली असती आणि सगळ्या मोयालेने वळून पाहिलं असतं. ही काहीच बोलली नाही. ओळीतून सरकली, शेडला वळसा घालून उतारावर आली आणि एखादी सावली उठून चालायला लागावी तशी निघून गेली. दोन दिवस चार्ज न झालेल्या बॅटरीची एकच काडी उरली होती. ती लुकलुकत होती. तो तिच्याकडे बघत होता आणि मागे हॉर्न ओरडत होता, आणि त्याला वाटत होतं की रोलर पाठोपाठ येतोय, वळणं घेत, गल्लीबोळांतून, न थकता.

सीमेच्या रेषेवर काडी विझली. पुढचं चाक पलीकडे गेलं होतं, मागची दोन अलीकडे राहिली होती.

मैदानात काय झालं ते त्याला डीकाने नंतर सांगितलं. डीकाने आठ आवाज मोजले आणि नवव्याची वाट बघत पुढे जात राहिला. नववा आवाज वीस पावलं उशिरा आला. तो जनरेटरचा होता. फट् झालं आणि, रोलरचा सोडला तर, मैदानातला शेवटचा धूर थांबला. मांडवातले मान्यवर उभे राहून टाळ्या वाजवू लागले. एक तर म्हणाले, असा परिणाम इतक्या लगेच त्यांनी कुठल्याच योजनेत पाहिला नव्हता. मुतिसोने मंगळवारीच तयार करून ठेवलेलं प्रमाणपत्र क्रमांक नऊ काढलं आणि त्यावर दोन्ही शिक्के मारून घेतले.

मग तो ते घेऊन रेषेवर आला. पलीकडून वेंडिमु टेप घेऊन आले.

“नगा?”

“नगा.”

“ही गाडी इथे उभी करता येणार नाही,” मुतिसो म्हणाला. “ही चिरडली गेलीय.”

“कुठे? मला तर पुढचं चाक दिसतंय, नवं कोरं,” वेंडिमु म्हणाले.

“साहेब, चार्ज करून द्या, मी जातो,” गोलिचा म्हणाला.

“कशावर चार्ज करू? जनरेटर नववा आला,” मुतिसो म्हणाला.

वेंडिमुंनी टेप लावला. रेषा चालकाच्या सीटच्या बरोबर मागून जात होती. त्यांनी दोनदा मोजलं आणि त्यांचा चेहरा पडला. “गोलिचा, तुम्ही परवान्याशिवाय चालकाच्या जागेवर बसला आहात. मला पकडावं लागेल.” त्यांनी टेप गुंडाळला. “एक करा. मागे बसा, प्रवाशाच्या जागेवर. तिथे २०२६ आहे, तिथे तुमचा परवाना चालतो.”

“मागे बसला तर चिरडलेल्या भागात बसेल,” मुतिसो म्हणाला.

“त्याला मनाई आहे?”

मुतिसोने नियम चाळले. “नाही. तसं कुणी करेल असं वाटलं नव्हतं.”

गोलिचा पुढे उतरू शकत नव्हता, तिकडे अटक होती. मागे उतरला असता तर रिक्षा बेवारस, आणि बेवारस वाहनासाठी रोलर मोकळाच होता. तो सीटवरून पाय टाकून मागे गेला आणि प्लॅस्टिकवर बसून राहिला. तालासो चहा आणून देत होती, गुमातो शेजारी बसून गृहपाठ करत होती. उताराकडून एखादा ट्रक आला की तो मुलीचा हात धरायचा. तिला वाटायचं, अब्बांचं प्रेम उतू चाललंय.

शुक्रवारी दुपारी तालासो आली ती एकटी नव्हती. तिच्या हातात दोर होता. दोराच्या दुसऱ्या टोकाला जे होतं त्याची सावली आधी रिक्षात आली.

“रागावू नका,” ती म्हणाली. “वडिलांनी पाठवलीय. ओढून न्यायला. जिथे सांगाल तिथे नेईल म्हणाले.”

पांढरी मान खाली वाकली. एक लांब, ओला, ओळखीचा चेहरा टपाखालून आत आला आणि त्याच्या टोपीचा वास घेऊ लागला.

“गुमातोचे अब्बा, नगा?”

“नगा,” गोलिचा डोळे मिटून म्हणाला. “गुमातो, वहीतलं एक पान फाड. आणि मी सांगतो ते लिही. माझा हात हलतोय.”

*प्रति,*
*मा. उभयदेशीय धूरमुक्त वाहन त्वरा समिती, मोयाले (दोन्हीकडचे).*

*विषय: साल मिळण्याबाबत.*

*महोदय, खाली सही करणारा अर्जदार चिरडलेल्या रिक्षात बसून हा अर्ज करत आहे. सदर रिक्षा उत्तरेत नवी आहे पण तिथे अर्जदाराला परवाना मिळायचा आहे. दक्षिणेत परवाना आहे पण तिथे रिक्षा मेलेली आहे. अर्जदाराच्या मुलीने हाताने हिशोब केला आहे (कलम चौदाचा मान राखून तो सोबत जोडलेला नाही). त्याप्रमाणे दोन्ही सालांच्या बरोबर मध्ये २०२२ हे साल पडून आहे आणि ते सध्या कुणी वापरत नाही. त्या साली रिक्षा फक्त चार वर्षांची भरते आणि परवाना एक वर्षापूर्वी निघालेला असतो.*

*तरी, दोन्ही सरकारांनी आपसात सहकार्य करून सदर रिक्षाच्या लांबीपुरतं, म्हणजे आठ फूट आठ इंच, आणि तिची बॅटरी चार्ज होईपर्यंत, २०२२ साल चालू असल्याचं जाहीर करावं, व तसा फलक सांडणीला दिसेल अशा उंचीवर लावावा, ही नम्र विनंती.*